रोवीनाची सनद

माझी धाकटी बहीण रोवीना वकील होती. आता नाही. तुरुंगात फोन नेला म्हणून तिला शिक्षा झाली आणि त्या शिक्षेपायी तिची सनद गेली, हे सगळ्या त्रिनिदादने पेपरात वाचलं. पेपरात आलं ते खोटं नव्हतं, अर्धं होतं. उरलेलं मला ठाऊक आहे, कारण तो फोन लागला तेव्हा दुसऱ्या टोकाला मी होते.

मी सुमिंत्रा. कोर्टाच्या समोर, फुटपाथला लागून माझी डबल्सची गाडी आहे; दोन पुऱ्यांत चणे, ते डबल्स. आई गेली तेव्हा रोवीनाचे दुधाचे दातसुद्धा पडले नव्हते. बाबा दिवसभर उसात आणि संध्याकाळी रमच्या दुकानात. तिच्या वेण्या मी घातल्या, तिचे पाढे मी घेतले. माझं लग्न राहून गेलं असं लोक म्हणतात; खरं म्हणजे मीच ते राहू दिलं. मी पहाटे उठून चणे शिजवायची, मऊ पुऱ्या तळायची, आणि ती वकिलीचं शिकायची. पुढे ती कोर्टाच्या आत उभी राहू लागली आणि मी कोर्टाच्या बाहेर. गिऱ्हाइकं चेष्टा करायची, ‘जगमोहनांच्या दोन्ही पोरी न्यायावरच पोट भरतात.’

ज्याला वकील परवडत नाही त्याला कोर्ट वकील नेमून देतं. तसा केलन ऑगस्टीन तिच्याकडे आला. एका दुकानदाराच्या खुनात पकडला तेव्हा तो एकोणीस वर्षांचा होता. आपण त्या संध्याकाळी तापाने फणफणून घरी पडलो होतो, असं तो सांगायचा, आणि त्याला साक्षीदार कोण, तर त्याची आई. खुनाच्या आरोपात जामीन नाही, म्हणून तो कच्चा कैदी म्हणून आत बसला. खटला काही उभा राहीना. कधी मॅजिस्ट्रेटची बदली झाली, कधी कागद सापडेनात, कधी पोलिसांचा साक्षीदार आजारी. पोराला मिशा आल्या, दाढी आली, पुढचा एक दात गेला, तरी तो आपला कच्चाच.

त्याची आई, मिस अर्सुला, दर तारखेला डोंगरातल्या गावाहून पहिल्या बसने यायची. चर्चला घालायची ती हॅट, हातात भली मोठी पिशवी. कोर्ट उघडेपर्यंत माझ्या गाडीशी उभी राहून एक डबल्स खायची, तिखट अगदी नावापुरतं.

“आज होईल का गं काही, सुमिंत्रा?”

“आज नक्की होणार, मिस अर्सुला.”

“काय छान खोटं बोलतेस! वकील तू व्हायचं होतंस आणि डबल्स तुझ्या बहिणीने विकायचे होते. तिच्या तोंडावर तर सगळं छापलेलं असतं.”

दुपारी ती बाहेर यायची तेव्हा मी विचारायची नाही. ती हॅट काढून पिशवीत घालायची, त्यावरून कळायचं की पुढची तारीख पडली.

मग एका तारखेला ती आलीच नाही. पोटात गाठ निघाली होती. सरकारी इस्पितळातल्या बायकांच्या मोठ्या वॉर्डात तिला ठेवलं होतं. जवळचं माणूस म्हणजे एक बहीण, तीही कॅनडात. म्हणून गाडी आवरली की मी जायची. सूप न्यायची, पाय चेपायची. ती एकच मागणं मागायची, “मला माझ्या पोराचा आवाज ऐकव.”

रोवीनाने काही करायचं बाकी ठेवलं नाही. केलनला पहाऱ्यात तासभर इस्पितळात आणा, असा अर्ज तिने केला. उत्तर नाही. दुसरा केला, तर शिपाई कमी आहेत असं उत्तर आलं. निदान तुरुंगाच्या कचेरीतून एक फोन करू द्या, म्हणाली. तो फोन बिघडला होता म्हणे. शेवटी ती न्यायाधीशांकडे गेली. त्यांनी ऐकून घेतलं आणि पुढच्या महिन्यातली तारीख दिली. इकडे डॉक्टर म्हणत होते, रविवार निघेल असं वाटत नाही.

त्या संध्याकाळी रोवीना स्वयंपाकघरात आली. मी चणे निवडत होते.

“दीदी, उद्या सकाळी गाडी लावू नकोस. मिस अर्सुलाजवळ बस. आणि तुझा फोन चालू ठेव.”

“कुणाचा येणार आहे?”

“विचारू नकोस.”

मी विचारलं नाही. तिच्या तोंडावर छापलेलंच होतं.

दुसऱ्या दिवशी फोन वाजला तेव्हा मिस अर्सुलाने आदल्या दुपारपासून डोळे उघडले नव्हते. मी फोन तिच्या कानाला लावला. खरखर झाली, आणि मग आवाज आला, “मम्मी?”

तिने डोळे उघडले. “केलन? जेवलास?”

“जेवलो.”

“काय जेवलास?”

“पेलाऊभात.”

“कोंबडी होती त्यात?”

“होती मम्मी. मोठा तुकडा होता.”

“खोटारडा!” ती म्हणाली आणि हसली. खरंच हसली. शेजारच्या खाटेवरची बाई उठून बघायला लागली. तिकडे तो रडायला लागला तशी ही म्हणाली, “रडू नकोस रे. रडणारा दिसला की तिथली माणसं अंथरूण पळवतात.” मग तिने त्याला घराचं सांगितलं. किल्ली शेजारी आहे, छपराचा एक पत्रा सुटलाय, मागच्या अंगणातला नीरफणस कुणाला तोडू देऊ नकोस. बोलता बोलता दम लागला. “आता तू बोल,” म्हणाली आणि डोळे मिटून ऐकत राहिली. आता तो इतका हळू बोलत होता की फोन तिच्या कानाला असताना मला काही ऐकू आलं नाही. माझा हात अवघडून गेला होता, पण मी हलवला नाही.

पुढचं मला रोवीनाने त्याच दुपारी सांगितलं. तुरुंगातल्या भेटीच्या खोलीत, फोन बंद झाल्यावर तिने हात पुढे केला. केलनने फोन छातीशी धरला. “मिस, एकच रात्र राहू द्या. ती झोपेत मला हाक मारते. तिने हाक मारली तर दीदी मला लावतील. उद्या परत देतो, आईशप्पथ.”

“आणि मी हात मागे घेतला, दीदी,” रोवीना म्हणाली.

नेण्याचं ठीक होतं असं मी म्हणत नाही. पण ठेवून येण्याने घात केला.

कारण त्याच संध्याकाळी मिस अर्सुलाने खरोखरच हाक मारली. मी फोन लावला. पलीकडून कुणीतरी दुसराच माणूस जड आवाजात म्हणाला, “कोण आहे?” मी घाबरून बंद केला. मिस अर्सुला केलन, केलन करत राहिली आणि उजाडता उजाडता गेली.

त्या सकाळी रोवीना तुरुंगात धावली. केलनचा एक डोळा सुजून बंद झाला होता. “पडलो,” म्हणाला. फोन कुणाकडे आहे ते सांगेना. आई गेल्याचं तिने त्याला सांगितलं तेव्हा त्याने फक्त मान हलवली.

तेव्हाच तिने जेलरला जाऊन सांगायला हवं होतं. सांगितलं असतं तर केलनची चामडी लोळवली असती, आणि त्याला आईच्या मातीला नेण्याचा अर्ज तिने नुकताच दिला होता. ती गप्प बसली. मातीला त्याला नेलं नाहीच. आम्ही दोघी गेलो, गावकऱ्यांनी भजनं म्हटली. केलनच्या नावाने मी मूठभर माती टाकली. आणि आम्ही तिथे उभ्या होतो तेव्हा तो फोन कोठडी कोठडी हिंडत होता.

त्या तुरुंगात एका टोळीचा म्होरक्या होता. त्याच्याविरुद्ध एक ट्रक ड्रायव्हर साक्ष द्यायला तयार झाला होता, लेझामा नावाचा. त्याच्या घरी फोन आला, ‘बघितलेलं विसरून जा.’ तो विसरला नाही. काही दिवसांनी त्याच्या घराला आग लागली. तो कामावर होता. बायको, ग्वेनिथ, शिवणकाम करायची. तिने पोरांना मागच्या दाराने बाहेर काढलं आणि शिवणयंत्र आणायला परत आत गेली. यंत्र वाचलं नाही. तिचे दोन्ही हात कोपरापर्यंत भाजले. लेझामाने साक्ष मागे घेतली, तो म्होरक्या सुटला, आणि धमकीचा फोन कुठून आला ते शोधता शोधता पोलीस तुरुंगात पोचले. फोन सापडला. आतलं सिमकार्ड रोवीना जगमोहन या नावावर होतं. दुसऱ्याचं नाव घालायचं तिला सुचलंसुद्धा नव्हतं.

तिची बाजू हॉस्पेडेल्स साहेबांनी घेतली. म्हातारे वकील, त्यांच्याच हाताखाली ती शिकली. आमच्या घरी आले, ओसरीवर बसले, मी दिलेली मॉबी, झाडाच्या सालीचं सरबत, प्यायले.

“हे बघ पोरी, तुझी पर्स टेबलावर होती. तू कागद वाचत होतीस. पोराने हात घातला. एवढं म्हण, बाकी मी बघतो.”

“म्हणजे केलनवर चोरीही येईल.”

“खुनाच्या आरोपात बसलेल्याला चोरीचं काय ओझं!”

“साहेब, कोर्टात खोटं बोललेलं तुम्हाला चालत नाही, असं मला तुम्हीच शिकवलंत.”

म्हातारबुवांनी पेला खाली ठेवला. “शिकवलं होतं,” म्हणाले. “तेव्हा तुझ्यावर ही वेळ येईल असं वाटलं नव्हतं.”

तिने गुन्हा कबूल केला. आगीचा आरोप तिच्यावर नव्हताच. बंदी असलेली वस्तू तुरुंगात नेली, इतकाच होता. मॅजिस्ट्रेटने दंड केला आणि जाऊ दिलं. मला वाटलं, सुटलो. घरी येऊन मी खीर केली. रोवीनाने वाटी बाजूला सरकवली. “दीदी, हे काहीच नव्हतं. आता वकिलांची समिती बसेल.”

“परत तोच खटला?”

“तो खटला संपला. शिक्षेचा कागद टेबलावर ठेवला की गुन्हा झाला का, हे तिथे कुणी विचारत नाही. असा माणूस वकील म्हणून चालेल का, एवढंच विचारतात.”

तोवर तिचं काम बंद केलं. फाइली दुसऱ्यांकडे गेल्या, केलनचीही. ती घरी बसून कपाटं आवरायची, आवरलेली परत आवरायची. मला गाडी लावणं भागच होतं. लोकांच्या जिभेला हाड नसतं.

“दीदी, दोन डबल्स, आणि आत एक फोन गुंडाळून द्या!”

“देते की. सिमकार्ड तुझ्या बायकोच्या नावावर करू का?”

सगळे हसायचे, मीही हसायची, आणि मग चण्याच्या भांड्यात तोंड खुपसून बराच वेळ ढवळत राहायची.

समितीसमोर माझी साक्ष ठेवायचं हॉस्पेडेल्स साहेबांनी ठरवलं. फोन कशासाठी नेला ते तुरुंगाबाहेर कानांनी ऐकलेली जिवंत व्यक्ती मी एकटी. त्यांनी मला बसवून तयारी करून घेतली. “जसं झालं तसं सांगा. पेलाऊचं विसरू नका. दगडालासुद्धा पाझर फुटेल.” मी निळा पोशाख शिवून घेतला. पोपटासारखी घोकत होते, कोंबडी, अंथरूण, छपराचा पत्रा, नीरफणस.

खोली थंडगार होती. लांब टेबलामागे तिघं वकील, मधे अध्यक्षबाई, पिकल्या केसांच्या. रोवीना ओळखीची असूनही त्या तिच्याकडे बघत नव्हत्या. समितीच्या वकिलाने शिक्षेची नक्कल पुढे ठेवली. मग म्हणाला, “एका व्यक्तीला बोलायचं आहे.”

ग्वेनिथ लेझामा उठली. बाहेर ऊन भाजून काढत होतं आणि तिचे हात मनगटापर्यंत झाकलेले. घसा कोरडा पडला म्हणून तिने पाणी मागितलं. कुणीतरी बाटली दिली. तिला झाकण फिरवता येईना. बोटं वळतच नव्हती. सगळे नुसते बघत राहिले. रोवीना जवळच होती, ती उठली आणि तिने हात पुढे केला.

“राहू दे,” ग्वेनिथ म्हणाली.

रोवीना खाली बसली. बाटली तशीच बंद राहिली.

ग्वेनिथ ओरडली नाही. म्हणाली, “मी ऐकलंय, एका मरणाऱ्या बाईसाठी फोन नेला. मलाही पोरं आहेत, मला समजतं. पण त्या बाईला पोराचा आवाज मिळाला आणि मला हे मिळालं. या वकीलबाईंनी मनात हिशेब मांडला तेव्हा त्यात मी नव्हतेच. माझा नवरा आता रात्री झोपत नाही. आपण भित्रे निघालो, असं त्याला वाटतं. माझी मुलगी तिची वेणी स्वतःच घालते, वाकडी येते. बाईंचं काय करायचं ते तुम्ही ठरवा. मला फक्त त्यांनी मला बघावं असं वाटत होतं.”

रोवीना तिच्याकडेच बघत होती. तिने मान खाली घातली नाही, एवढं मी सांगू शकते.

हॉस्पेडेल्स साहेब उभे राहिले. माझं नाव घेणार, म्हणून मी पोशाख सारखा केला. तेवढ्यात रोवीनाने त्यांची बाही धरली आणि कानात काहीतरी सांगितलं. ते म्हणाले, “पोरी, वेडी आहेस का?” सगळ्यांना ऐकू गेलं. ती पुन्हा बोलली. म्हाताऱ्याने हातातले कागद मिटले.

“माझ्या अशिलाला काही सांगायचं नाही. साक्षीदार नाहीत.”

“मी आहे की!” मी उठून ओरडले. “मी तिथे होते!”

अध्यक्षबाईंनी पहिल्यांदा वर पाहिलं. “ताई, बसा,” म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. मी बसले.

बाहेर येताच मी तिच्यावर तुटून पडले. रस्त्यात, माणसांच्या देखत. “का गं? एवढं शिकलीस ते यासाठी? मी रोज पहाटे उठून चुलीपुढे भाजत राहिले ते यासाठी? मला दोन शब्द बोलू दिले असतेस तर तुझं काय जात होतं?”

तिने माझा हात धरून मला भिंतीच्या सावलीत नेलं. “दीदी, तू ती गोष्ट सांगितली असतीस. सगळे रडले असते. तीही रडली असती कदाचित. आणि मग तिला माझी दया करावी लागली असती. त्या बाईकडून मी आणखी काय काय घेऊ?”

आजही कधी वाटतं बरोबर केलं, कधी वाटतं दोन मुस्कटात द्याव्यात.

निकाल लागला. वकिलांच्या यादीतून नाव काढलं. काही वर्षांनी परत अर्ज करता येतो. हॉस्पेडेल्स साहेब होते तोवर दर दिवाळीला फोन करून आठवण द्यायचे. ती ‘बघते’ म्हणायची. आता तेही नाहीत.

ती एका इमारतीच्या सामानाच्या दुकानात कामाला लागली. खिळे, रंग, नळाच्या तोट्या. तिथवर ठीक होतं. पण संध्याकाळी लोक जुन्या सवयीने आमच्या फाटकाशी यायचे, हातात कागद घेऊन. जमिनीची नोटीस, नवऱ्याचा दावा, पोराला पकडल्याचं पत्र. सनद नसताना सल्ला दिला तर तोही गुन्हा. ती कागद हातातसुद्धा घ्यायची नाही.

“नुसतं वाचून सांग गं, काय लिहिलंय.”

“काका, शहरात जा. वकिलाकडे जा.”

“चार ओळी वाचायलाही मोठी झालीस होय?” म्हणत म्हातारे निघून जायचे. ती फाटकाची कडी लावून तिथेच उभी राहायची. हळूहळू लोक यायचे थांबले. ते मला जास्त लागलं.

केलन सुटला. आणखी दोन वर्षांनी त्याचा खटला उभा राहिला, पोलिसांच्या साक्षीदाराने ओळख पटवलीच नाही, आणि न्यायाधीशांनी त्याला घरी जा म्हणून सांगितलं. एका रविवारी तो आमच्याकडे आला. अंगावर दुसऱ्या कुणाचा तरी सदरा, खांद्यांवर सैल. मी आत बोलावलं, पण त्याला बंद खोलीत बसवेना. तो ओसरीच्या पायरीवर बसला आणि रोवीना दाराशी, खुर्चीवर.

“कोण होता वकील?” तिने विचारलं.

त्याने नाव सांगितलं.

“चांगला बोलला?”

“चांगला बोलला, मिस. फक्त सगळा वेळ मला केल्विन म्हणत होता.”

ती हसली. तोही हसला, गेलेल्या दाताची फट दाखवत. कोंबड्या अंगणात फिरत होत्या, दोघं त्यांच्याकडे बघत बसले.

“मिस, मी त्या दिवशी तो परत द्यायला हवा होता.”

“मी मागून घ्यायला हवा होता.”

“त्यांनी मला मारलं म्हणून…”

“ठाऊक आहे, केलन.”

गावातलं घर पडलं होतं, राहायला जागा नव्हती. टोबॅगोला एका मासेमारीच्या बोटीवर काम मिळणार होतं, दुसऱ्याच दिवशी निघायचं होतं. मी त्याला जेवू घातलं, वाटेसाठी रोट्या बांधून दिल्या. जाताना तो रोवीनासमोर उभा राहिला, हात द्यावा की नाही ते त्याला कळत नव्हतं. शेवटी नुसती मान लववून गेला.

तिने त्याचा कप उचलला, आत नेला आणि धुवायला लागली. मी अंगण झाडलं, कोंबड्या कोंडल्या, फाटक लावलं. आत आले तरी नळ वाहतच होता. कप कधीच स्वच्छ झाला होता. तिचे हात पाण्याखाली तसेच धरलेले, आणि खांदे हलत होते. समितीच्या खोलीत नाही, निकालाच्या दिवशी नाही, पेपरात फोटो आला तेव्हाही नाही. इतक्या वर्षांत ती आत्ता रडत होती.

मी नळ बंद केला आणि तिचे हात माझ्या पदराला पुसले.